चहाच्या गाडीखालचा दगड

गुरुवारी मंदाकिनीबाईंच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता आणि त्याआधीच्या रविवारी त्यांना म्युझियम बघायचं होतं. तेही कसलं, तर मयताचं.

ऑपरेशन छान झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. गोष्ट ऑपरेशनची नाहीच मुळी. गोष्ट आहे त्यांच्या मुलाची, सलिलची, आणि त्याने एकोणीस वर्षं कुणाला न सांगितलेल्या एका दगडाची.

झालं होतं असं की पेपरात चार बोटं रुंदीची बातमी आली होती. विठ्ठलवाडीला धम्मपाल रोकडे नावाचे एक गृहस्थ राहतात. एकतीस वर्षं स्मशानभूमीच्या ऑफिसात, नोंदणीच्या खिडकीत कारकून होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या घराच्या तळमजल्यावर तीन खोल्यांत अंत्यसंस्काराच्या आणि सुतकाच्या चालीरीतींचं म्युझियम मांडलंय. दर रविवारी दहा ते एक, प्रवेश फुकट. मंदाकिनीबाईंनी ती बातमी कात्रीने नीट कापून चष्म्याच्या घरात ठेवली आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी काढली.

"आई, अहो ऑपरेशनच्या तोंडावर असलं काही बघायचं?" सलिलची बायको देवयानी म्हणाली. "त्यापेक्षा तलावपाळीला जाऊ. बोटीत बसू."

"बोटीत बसायला मी काय कॉलेजात आहे? आणि मरणाचं बघितलं म्हणून कुणी मरत नाही. नाहीतर त्या रोकड्यांचं कधीच आटपलं असतं."

देवयानी ताक आणायला उठली. सलिल मात्र पेटला. विठ्ठलवाडी किती लांब, घोडबंदर रोडला रविवारीसुद्धा कसा ट्रॅफिक असतो, तिथे पार्किंग नसणार, धूळ असणार, तुला दम लागेल, अशी त्याने जंत्री लावली. बाई भातात ताक कालवत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "तुला जमणार नसेल तर सांग. मी रिक्षाने जाते."

शहात्तर वर्षांची बाई, अर्धा मिटलेला व्हॉल्व्ह, आणि ठाण्याहून विठ्ठलवाडीला रिक्षाने. सलिलने हात टेकले.

आता सलिल एवढा का तडफडत होता, ते सांगायला हवं.

एकोणीस वर्षांपूर्वी भाऊ गेले. भाऊ म्हणजे सलिलचे वडील, पण त्यांना घरात, बिल्डिंगमध्ये, ऑफिसात सगळे भाऊच म्हणायचे. तेव्हा ही मंडळी वर्तकनगरला राहायची. सकाळी पेपर वाचला, गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि अर्ध्या तासात खेळ खलास. सलिल एकुलता एक. तेव्हा बत्तीस वर्षांचा. सगळं त्यालाच करायचं होतं आणि त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

स्मशानात मडकं खांद्यावर घेऊन तो चितेभोवती फिरला. मागून काकांनी ज्या दगडाने त्या मडक्याला भोकं पाडली, तो दगड गुरुजींनी उचलून त्याच्या हातात दिला. लिंबाएवढा, तांबूस, अंगावर एक पांढरी रेघ. "हा जीवखडा," गुरुजी म्हणाले. "दहा दिवस भाऊंचा जीव ह्याच्या आश्रयाला. पिंड, तिलांजली, जे काय ते ह्याच्यावर. दहाव्याला पाण्यात सोडला की ते मोकळे. बाकी काही विसरलात तरी चालेल, हा सांभाळा."

सांभाळा म्हणजे सांभाळलाच त्याने. दर्भ, काळे तीळ, तांब्याची वाटी असं सगळं ज्या कापडी पिशवीत होतं, त्यातच तो ठेवला आणि पिशवी गॅलरीतल्या खिळ्याला टांगली. दहाव्याच्या सकाळी पिशवी स्कूटरच्या हुकला लावून तो सहा वाजता खाडीवरच्या घाटावर पोचला. काका आणि बाकीची मंडळी मागून रिक्षाने येत होती. गुरुजी पलीकडे पाय धूत होते. सलिलने पिशवी उघडली. दर्भ होता, तीळ होते, वाटी होती. दगड नव्हता.

पिशवीच्या तळाला एक भोक होतं. बोट जाईल एवढं. लिंबाएवढा दगड बोटाएवढ्या भोकातून पडतो का, हा विचार शांत डोक्याच्या माणसाला सुचतो. सलिलला एवढंच कळलं की आपण आपल्या बापाचा जीव वर्तकनगर ते घाट यांच्यामध्ये रस्त्यावर कुठेतरी सांडून आलोय.

गुरुजी पाय पुसायला लागले. घाटाच्या तोंडाशी एक चहाची गाडी उभी होती, चहावाला नळावर हंडा भरत होता. गाडीच्या चाकाखाली एक दगड होता. आकाराला बरा होता. सलिलने मागचापुढचा विचार न करता तो ओढला. गाडी हलली, घरंगळली, उकळत्या चहाचं पातेलं कलंडलं आणि अख्खा चहा चाकावर, दगडावर, सलिलच्या पायावर. चहावाल्याने तिथूनच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे त्यात भाऊही आलेच. सलिलने चाकाखाली एक वीट सारली, हात जोडले आणि दगड घेऊन पळाला. खाडीच्या पाण्यात त्याने तो तीनदा धुतला. तरी आल्याचा वास काही जाईना.

गुरुजींनी दगडाकडे पाहिलं, सलिलकडे पाहिलं, आणि मंत्र सुरू केले. त्यांना त्या सकाळी आणखी तीन दहावे होते.

आणि कहर म्हणजे, पिंड ठेवून हात मागे घेतो न घेतो तोच कावळा शिवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ तृप्त होऊन गेले रे," असं त्यांनी सलिलला मिठीत घेऊन सांगितलं. सलिलला मात्र खात्री होती की कावळा साखरेच्या वासाला भुललाय. त्याने दगड पाण्यात सोडला आणि मनात म्हणाला, संपलं, आता हे आपल्याबरोबरच जाणार.

आईला सांगणं शक्यच नव्हतं. पहिल्या वर्षी तिचं दुःख ताजं होतं. दुसऱ्या वर्षी सांगावं, तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलंस? दहाव्या वर्षी सांगावं, तर मग बोलायलाच नको. पण खोटं काही सुखाने झोपू देत नाही. उर्वीला, त्याच्या मुलीला, बारावीला गणितात अडतीस पडले, की सलिलला वाटायचं, भाऊ. गाडीला मागून टेम्पो घासला, भाऊ. घोडबंदर रोडच्या फ्लॅटचा ताबा बिल्डरने दोन वर्षं लांबवला, तेही भाऊच. आता बिल्डरला ताबा लांबवायला कुणाचा आत्मा अतृप्त राहावा लागत नाही, पण हे त्याला सांगणार कोण? त्याने कुणाला विचारलं तर ना.

आणि आता आईचा व्हॉल्व्ह. सर्जन म्हणाले, या वयात शंभरातल्या तिघांना त्रास होतो, बाकी काळजी नाही. सलिलला सत्त्याण्णव ऐकूच आले नाहीत. त्या तिघांमध्ये आपली आई बसणार आणि ते आपल्या दगडामुळे, हे त्याने ठरवूनच टाकलं. असं सगळं असताना ही बाई म्हणते, मला सुतकाचं म्युझियम बघायचंय!

माजिवड्याला पाऊण तास गेला. दुर्गाडीच्या पुलावर आणखी वीस मिनिटं. बाई काळी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ताठ बसल्या होत्या. एरवी ट्रॅफिकला, सरकारला आणि सलिलच्या ब्रेक मारण्याला नावं ठेवल्याशिवाय त्यांचा प्रवास व्हायचा नाही. त्या दिवशी अवाक्षर नाही.

"बरं वाटतंय ना आई?"

"मला काय धाड भरलीये? समोर बघून चालव."

एवढं ऐकल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

धम्मपाल रोकडे दारातच उभे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आणि जन्मभर हळू बोलायची सवय झालेला आवाज. "या ताई. पायरी जपून. साहेब, चपला असू द्या, फरशी गार आहे."

पहिल्या खोलीत बांबूची तिरडी होती, पूर्ण बांधलेली, आणि शेजारी गाठी कशा मारतात ते दाखवायला सुतळीचे तुकडे. कणकेचा दिवा होता, दक्षिणेला वात केलेला. त्याच्याजवळ पसरलेलं पीठ, गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला त्याची पावलं बघायला. मशिदीतून आलेला जुना लाकडी जनाजा होता, एका ख्रिस्ती घरातली दंडावर बांधायची काळी पट्टी होती, पुण्यानुमोदनाच्या पत्रिका होत्या, वर तथागतांचं चित्र. प्रत्येक वस्तूखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. "सुनेचं अक्षर आहे, प्रियांकाचं," धम्मपाल अभिमानाने म्हणाले. "माझं अक्षर म्हणजे डॉक्टरच्या वरताण."

एका भिंतीवर पोस्टकार्डं लावलेली होती. 'वाचून झाल्यावर फाडून टाकावे' असं लिहिलेली, आणि कुणीतरी न फाडलेली. दुसऱ्या भिंतीवर स्टीलचे डबे होते, तीस-चाळीस तरी, प्रत्येकावर नाव कोरलेलं. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारीपाजारी ज्यांतून पिठलंभात द्यायचे ते डबे.

"परत केले नाहीत होय कुणी?" मंदाकिनीबाईंनी डब्यांवरची नावं वाचत विचारलं.

"रिकामा डबा परत करायचा नाही, आणि सुतकातल्या घरातून भरून तरी काय देणार? राहून जातात ताई."

"माझे दोन गेलेत असे," बाई म्हणाल्या. "एक तर चांगला जाड बुडाचा होता."

सलिलला हसू आलं. त्याला वाटलं, उगाच घाबरलो आपण. बाई मजेत आहे, बघून होईल, साडेबाराला निघू.

"तुम्ही मानता का हो हे सगळं?" बाईंनी धम्मपालना विचारलं.

"आमच्यात पिंडबिंड नसतं ताई. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतो आणि गेलेल्याच्या नावाने दान करतो. पण त्या खिडकीत बसलं ना, की बाहेरचा माणूस काय मानतो ते दिसत नाही. रडतोय एवढंच दिसतं. मग मी विचारायचो, नाव सांगा, वय सांगा, पाणी पिणार का?"

बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या खोलीत गेल्या. तिथे मधोमध काचेचं कपाट होतं. कपाटात, पांढऱ्या कापडावर, सात दगड होते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जीवखडे. स्मशानाच्या बाकावर, नळावर, खिडकीत राहून गेलेले.'

सलिलने ते पुन्हा मोजले. सात माणसं! सात माणसं विसरून गेली होती! एका बाजूने त्याला त्या सातजणांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दुसऱ्या बाजूने वाटलं, आई आता विचारणार, आपला तू कुठे सोडलास रे, आणि मग आपल्याला तिच्या तोंडावर, तिच्या त्या अर्ध्या व्हॉल्व्हसमोर, पुन्हा एकदा खोटं बोलावं लागणार.

"आई, चल, पुढच्या खोलीत फोटो आहेत," तो म्हणाला.

बाई हलल्या नाहीत. त्यांनी पर्स कपाटाच्या कडेवर ठेवली, उघडली, आतून एक खणाची लहान थैली काढली, आणि थैलीतून एक दगड काढून धम्मपालांच्या समोर धरला. लिंबाएवढा. तांबूस. अंगावर एक पांढरी रेघ.

"हा तुमच्याकडे ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा आहे. मी चोरलाय."

सलिलने कपाट धरलं. गुरुवारी आईच्या आधी आपल्यालाच टेबलावर घ्यावं लागेल असं त्याला वाटलं.

"बसा ताई," धम्मपाल म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. बाई बसल्या. सलिलकडे त्यांनी बघितलंच नाही. जे काय बोलायचं ते धम्मपालांकडे बघूनच बोलल्या, जसं काही त्या खिडकीबाहेर उभ्या होत्या.

"त्या दिवशी सकाळी हे म्हणाले, मंदा, अजून अर्धा कप चहा टाक. आलं घालून. मी म्हटलं, साखर किती आलीये रिपोर्टात बघितलंत ना? अर्धा नाही न् पाव नाही. एक झालाय, पुरे. काही बोलले नाहीत. गॅलरीत जाऊन बसले, ते बसलेच." त्यांनी पदराने नाक पुसलं. "नंतर नऊ दिवस घरात माणसं, माणसं, माणसं. मला त्यांच्याशी एक शब्द बोलायला कुणी एकटं सोडेना. नवव्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते. गुरुजी म्हणाले होते, जीव ह्या दगडात आहे. म्हटलं, आहे ना? मग मला बोलायचंय त्यांच्याशी. पिशवीतून काढला, मुठीत घेतला आणि पडले. म्हटलं, चुकलं माझं. अर्धा कप द्यायला हवा होता. माणूस जातच होता, तर चहा पिऊन गेला असता."

धम्मपाल खाली मान घालून ऐकत होते.

"आणि मला झोप लागली हो. नऊ दिवसांत पहिल्यांदा. जाग आली तर पाहुणे दारात. दगड कमरेला खोचला. म्हटलं सकाळी गुपचूप ठेवू. सकाळी उठून गॅलरीत आले तर पिशवी नाही आणि ह्याची स्कूटर कोपऱ्यावर वळलेली. फोन करावा, तर फोनजवळ जाऊबाई पसरलेल्या. काय सांगू? मी बाई असून जीवखड्याला हात लावला? चोरला?" इथे त्यांनी पहिल्यांदा सलिलकडे पाहिलं. "तू घरी आलास, जेवलास, काही बोलला नाहीस. मी विचारलं नाही. दगडाशिवाय झालं त्यांचं सगळं. दहा पिंड कशावर दिले असतील रे? कुठे बसले असतील ते इतकी वर्षं? आणि गुरुवारी माझं काही बरंवाईट झालं तर वर जाऊन मी काय तोंड दाखवू? चहा नाही दिला ते नाहीच, वर बसायची जागाही काढून घेतली?"

आता खरं सांगायचं तर सलिलच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. हरवला नाही! मी हरवला नाही! भोकातून काही पडलं नव्हतं! एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. दुसऱ्या क्षणाला त्याला राग आला. एकोणीस वर्षं! एकाच घरात, एकाच डायनिंग टेबलवर, दर वर्षी श्राद्धाला ही बाई खीर वाढत होती आणि तो मान खाली घालून ती खात होता, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप!

मग त्याला आईचा हात दिसला. दगड अजून तसाच मुठीत आवळलेला होता. आणि त्याच्या लक्षात आलं की आईला आता जे हवंय ते जगात एकट्या आपल्याकडे आहे. पण सांगायचं कसं? भाऊंना आपण चहाच्या गाडीखालच्या दगडावर बसवलं, हे ऐकून तिला बरं वाटेल की राहिलेला व्हॉल्व्हही मिटेल? दोनदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं आणि बोलला.

"आई, दगडाशिवाय नाही झालं. दगड होता."

"कुठला दगड? हा तर माझ्याकडे."

"दुसरा. मला वाटलं, मीच हरवला. पिशवीला भोक होतं. मग मी... मी तिथलाच एक उचलला. कुणाला सांगितलं नाही. गुरुजींना पण नाही. सगळे पिंड त्याच्यावरच दिले, पाण्यात पण नीट सोडला. चुकलं माझं आई. तुला सांगायला पाहिजे होतं."

"तिथलाच म्हणजे कुठला?"

"घाटावर गाडी होती एक. तिच्या चाकाखालचा."

"कसली गाडी?"

सलिलने कपाटातल्या दगडांकडे बघितलं. "चहाची."

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला. पुन्हा घातला. "चहाच्या गाडीखालचा?"

"हो."

"धुतलास तरी का?"

"तीनदा धुतला. ओढताना गाडी हलली, अख्खं पातेलं सांडलं त्याच्यावर. काही केल्या वास जाईना."

"कसला वास?"

"चहाचा. आल्याच्या."

बाई सलिलकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सलिल घाबरला, धम्मपाल पाण्याचा तांब्या घेऊन धावले. पण बाई रडत नव्हत्या. हसत होत्या. एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मग त्या खरंच रडल्या, आणि रडता रडता पुन्हा हसल्या.

"म्हणून कावळा लगेच शिवला!" त्यांना बोलताही येईना. "अरे, काकांनी येऊन सांगितलं, कावळा पटकन शिवला, आणि मी मनात म्हणायची, दगड माझ्याकडे, मग हा कावळा शिवला कशाला? अरे, चहा मिळाला त्यांना! अर्धा कप मागत होते, पातेलंभर मिळाला!"

सलिल फरशीवरच बसला, आईच्या पायाशी, पन्नाशी उलटलेला माणूस. तिने त्याच्या टकलावर एक चापट मारली. "गाढवा! एकदा तरी बोलायचंस!"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी कशी बोलणार? मी चोर!"

"आणि मी?"

"तू वेंधळा," बाई म्हणाल्या. "ते जन्मापासून माहितीये मला."

धम्मपालांनी दोघांनाही पाणी दिलं. मग ते हळूच म्हणाले, "एक सांगू का साहेब? एकतीस वर्षांत 'दगड हरवला, आता काय करू' असं विचारणारे शंभर-दीडशे तरी माझ्या खिडकीशी आले असतील. मी सगळ्यांना एकच सांगायचो. बाहेर पुष्कळ पडलेत, त्यातला एक घ्या. एकही परत तक्रार घेऊन आला नाही."

"कोण? माणसं की गेलेले?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"दोघंही."

त्यावर तिघेही हसले. पलीकडच्या खोलीत फोटो बघणारं एक जोडपं दारातून डोकावलं आणि मयताच्या म्युझियममध्ये एवढं काय हसण्यासारखं आहे ते न कळून परत गेलं.

धम्मपालांनी कपाटाचं कुलूप काढलं, सात दगड जरा सरकवून आठव्याला जागा केली आणि खिशातलं पेन काढलं. "नाव काय लिहू ताई?"

बाईंनी दगड हातात फिरवला. पांढऱ्या रेघेवरून अंगठा फिरवला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी द्यायला आले होते ते पाप म्हणून. आता ते पाप राहिलं कुठे? आता माझ्याकडेच असू दे. सलिल, इकडे बघ. माझ्या वेळेला हाच घ्यायचा. मडक्याला हाच मारायचा, पिंड ह्याच्यावर द्यायचे, आणि मग सोडायचा पाण्यात. दोघांचं एकदम होईल."

"आई, शुभ बोल जरा!"

"हेच शुभ आहे. आणि पिशवी धड शिवून घे आधी. तरीही हरवलास तर चहाच्या गाड्या आहेतच."

धम्मपाल रोकडे माणूस नेटका. केलेली जागा त्यांनी पुन्हा भरली नाही. तिथे एक चिठ्ठी ठेवली, स्वतःच्याच डॉक्टरी अक्षरात, 'जीवखडा, ठाणे. मालकीणबाईंनी परत नेला.' बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "'बाई' पुरे, मालकीण कशाला? पण राहू दे, बरं वाटतंय."

बाहेर आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सलिलला इतकं हलकं वाटत होतं की गाडी कुठे लावलीये हेच त्याला आठवेना. शोधत शोधत दोघं स्टेशनच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर एक चहाची गाडी होती. न बोलताच दोघांचे पाय थांबले. मंदाकिनीबाई एक हात कमरेवर ठेवून जरा वाकल्या आणि त्यांनी चाकाखाली बघितलं.

"वीट आहे," त्या म्हणाल्या.

"काय पाहिजे आजी?" चहावाला दचकून म्हणाला.

"दोन चहा दे. आलं घाल."

डॉक्टरांनी बाईंना दिवसाला एकच कप सांगितला होता, तोही बिनसाखरेचा, आणि तो सकाळीच झाला होता. घरी देवयानी मोजून मापून द्यायची आणि सलिल तिच्या बाजूने डोळे वटारायचा. आज बाईंनी फुर्र फुर्र करत ग्लास संपवला, तळाशी बघितलं, आणि ग्लास गाडीवर ठेवता ठेवता हात तसाच राहिला. काही बोलल्या नाहीत.

सलिलने ते बघितलं. "अजून एक दे रे," तो चहावाल्याला म्हणाला. "अर्धा नको. फुल दे."

"अरे, डॉक्टर..."

"डॉक्टरांना गुरुवारी बघू. तू पी."

बाईंनी दुसरा ग्लास दोन्ही हातांत धरला. वाफ चष्म्यावर आली. दोन घोट घेतले, मग ग्लास सलिलच्या हातात दिला, पर्स उघडली आणि खणाच्या थैलीतून तो तांबूस दगड काढून गाडीच्या फळीवर ठेवला. चहावाला बघतच राहिला. बाईंनी ग्लास परत घेतला आणि त्यातला अर्धा चहा, सावकाश, सांडू न देता, त्या दगडावर ओतला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता तिसरा मागायचा नाही."